समान वाटणी आणि न्याय्य वाटणी



पेडगावच्या शिवारात खुरपणी चालू असताना बांधावर घटकाभर उभे राहावे. प्रत्येक बाईला एकेक पात दिलेली असते. चपळ हाताची बाई आधी बांध गाठते आणि मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते. शेत उरकल्याशिवाय कोणीच घरी जाणार नाही, हे तिला ठाऊक असते.

गणकयंत्रांच्या इतिहासातही हाच प्रश्न येतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' चालू झाले, तेव्हा यंत्र एक आणि कामे रांगेत, वाटणी कसली? १९८८ साली पुण्यात सी-डॅक संस्था निघाली. परदेशचे महायंत्र हवे तसे मिळेना, म्हणून अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक लहान गणक एकत्र जुंपून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. तेथे सारे बैल सारख्याच ताकदीचे होते. पुढच्या 'परम ८६००' मध्ये मात्र एका दांडग्या गणकाशेजारी चार लहान गणक बसविले गेले. आता वाटणीचा हिशेब आला.

तो हिशेब साधा आहे. एक यंत्र तासाला चार कामे करते, दुसरे एक. कामे शंभर. पन्नास-पन्नास वाटली, तर पहिले साडेबारा तासांत मोकळे होते आणि दुसरे पन्नास तास राबते. ऐंशी व वीस अशी वाटली, तर दोन्ही वीस तासांत मोकळी होतात. पण सगळी कामे सारखी नसतात. म्हणून मोकळे होईल त्या यंत्राने पुढचे काम उचलावे, ही रीत बरी. खुरपणाऱ्या बाईची रीत ती हीच.

येथे चळवळीतला माणूस थबकतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकऱ्याला दोनाऐवजी तीन माग देण्याची योजना आली. संपाच्या कारणांपैकी ते एक मोठे कारण होते. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. तेथेही ताकद मोजून वाटणी करू, असेच सांगितले जात होते. परंतु यंत्र थकत नाही, आणि काम सुटले म्हणून त्याची चूल विझत नाही.

म्हणून वाटणीचे गणित यंत्राकडून अवश्य शिकावे. पण ते माणसाला लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. वाटणी कोण ठरवतो? आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो?