कपाटातले पुस्तक आणि मुलाचा अभिप्राय

शालेय ग्रंथालयात प्रामुख्याने दोन नोंदवह्या असतात. दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते शाळेत आल्याची तारीख असते. देवघेव नोंदवहीत ते कोणी नेले आणि कधी परत केले, हे असते. पुस्तकाच्या आगमनाचा आणि ये-जा करण्याचा हिशेब असा काटेकोर ठेवला जातो. ते वाचून मुलाला काय वाटले, यासाठी मात्र दोहोंपैकी एकाही वहीत रकाना नाही. तो का नाही, याचे उत्तर मराठवाड्यापुरते तरी इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

निजामी राजवटीत मराठी पुस्तक वाचणे ही साधी गोष्ट नव्हती. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापनाचे माध्यमही उर्दूच होते. इंग्रजीला बाजूला सारून एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग भारतीय शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा खरा. पण ज्यांची मातृभाषा मराठी, तेलुगू वा कन्नड होती, त्यांच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन दुसरी आली, एवढाच त्याचा अर्थ होता. सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फर्मानानुसार पूर्वपरवानगी लागे, आणि खासगी शाळांवरही निर्बंध होते. अशा वातावरणात १९२२ साली हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि १९३७ साली निजाम राज्यातील मराठी साहित्य परिषद उभी राहिली. चार माणसांनी एकत्र बसून मराठी वाचावे, यालाच त्या काळी एक राजकीय अर्थ प्राप्त झाला होता.

या इतिहासाने आपल्याला एक मोठा वारसा दिला. त्याबरोबर एक सवयही दिली. जे कष्टाने मिळते ते जपले जाते. पुस्तक मिळवणे हेच यश असलेल्या समाजात त्याची राखण करणे हे कर्तव्य ठरले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परिस्थिती पालटली. १९५५ साली हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे रंगनाथनांनी १९३१ सालीच आपल्या पंचसूत्रीत पहिले सूत्र म्हणून मांडले होते. शाळेच्या कपाटाचे कुलूप मात्र या कायद्यांनी आणि सूत्रांनी फारसे हलले नाही. त्याचे कारण शिक्षकाच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. अनुदानित माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल हवा, तर पटसंख्या हजाराच्या वर असावी लागते. ग्रामीण शाळेत तेवढा पट क्वचितच असतो. मग ग्रंथालयाचा चार्ज कुणा तरी विषयशिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि पुस्तक हरवले तर जाब त्याला द्यावा लागतो. ज्याला हरवल्याचा जाब द्यायचा आहे आणि वाचल्याचा द्यायचा नाही, तो कुलूप लावणारच.

आमच्यासमोर येथे हिमायतनगर आहे. नांदेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. त्याचे जुने नाव वाढोणा; श्रीपरमेश्वराच्या मंदिरामुळे ते लोकांच्या तोंडी अजून आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो आणि तेलंगणाची सीमाही फार दूर नाही. या टापूत शाळेत येणारे मूल घरी मराठवाडी बोलते, तांड्यावर बंजारा बोलते, बाजारात दखनी उर्दू ऐकते. किनवटच्या डोंगराकडे गोंडी आणि तेलुगूही कानांवर पडते. अशा मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक पडले आणि 'यावर चार ओळी लिही' असे त्याला सांगितले, तर ते काय लिहील?

बहुधा ते सारांश लिहील आणि शेवटी 'या पुस्तकातून आपल्याला अशी शिकवण मिळते' असे एक वाक्य जोडील. हे वाक्य मुलांनी शोधून काढलेले नाही. ते आपणच निबंधाच्या आणि तात्पर्याच्या तासाला त्यांना दिले आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे बंधन घातले. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी अनुदान आले. अलीकडच्या महावाचन उत्सवात वाचलेल्या पुस्तकावर लिहिण्याची अपेक्षाही विद्यार्थ्यांकडून केली गेली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु उत्सवात लिहिलेला मजकूर हा स्वाभाविकपणेच गौरवाचा असतो. पुस्तक कंटाळवाणे वाटले, असे लिहिण्याची मुभा मुलाला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात मिळत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व एका प्रयोगाने जगाला दाखवून दिले होते. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या श्रोत्यांना, ज्यांत बहुसंख्य विद्यार्थीच होते, कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या अभिप्रायांचे विश्लेषण आहे. उत्तम शिक्षण घेतलेली ही मंडळी साधा अर्थ लावतानाही अडखळत होती आणि स्वतःच्या अनुभवाऐवजी साचेबंद प्रतिक्रिया पुढे करीत होती. लेखकाचे मोठेपण आधी कळले नाही की वाचक उघडा पडतो. पण वाचायला शिकण्याची सुरुवातही तेथूनच होते.

या रिचर्ड्सवर मराठीत 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हा ग्रंथ लिहिणारे नरहर कुरुंदकर नांदेडचे होते, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश पदरी आलेला हा माणूस अफाट वाचीत होता. पदवी मिळण्यापूर्वीच ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक झाले आणि पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य. परीक्षेने नाकारलेली बुद्धी वाचनाने आणि वादाने घडू शकते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण मराठवाड्यातील विद्यार्थ्याला कोणते देणार? कुरुंदकरांचे मोठेपण त्यांच्या वाचनाच्या संख्येत नाही. ज्यांच्याविषयी त्यांना आदर होता, त्यांच्याशीही ते मतभेद नोंदवीत. त्यात ते आहे.

शाळेत अशा लेखनाला जागा करून देण्यास फार साधने लागत नाहीत. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित रूपात चालवले, तेव्हा त्यांच्यापाशी कागद आणि शाई यांपलीकडे काही नव्हते. पुस्तकाच्या मागे तारखांचा कागद चिकटवलेला असतोच. त्याच्याशेजारी एक कोरा कागद चिकटवावा. वाचून झालेल्या मुलाने त्यावर आपले मत लिहावे, पुढच्या वाचकाने ते वाचावे आणि पटले नाही तर खाली उत्तर द्यावे. सारांश नको, तात्पर्य नको, गुण तर मुळीच नकोत. शब्द घरच्या बोलीतले असले तर त्यांवर लाल शाई फिरवू नये. मत आधी जन्मते आणि प्रमाणभाषा मागून येते. हा क्रम उलटला, तर भाषा शुद्ध होते आणि सांगण्यासारखे काही उरत नाही.

हा प्रश्न केवळ शाळेचा आहे, असे साहित्याच्या अध्यापकांनी समजू नये. हिमायतनगरच्या शाळांतून बाहेर पडलेली मुले तेथल्याच हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालयात किंवा नांदेडच्या एखाद्या मराठी विभागात येतात. कादंबरीवर प्रश्न विचारला की ती मार्गदर्शिकेतले उत्तर उतरवतात आणि आपण त्यांना दोष देतो. दहा वर्षे ज्याला कुणी 'तुला काय वाटले' असे विचारले नाही, त्याने अकराव्या वर्षी एकाएकी समीक्षक व्हावे, ही अपेक्षा रास्त नाही. मराठी पुस्तक वाचण्याचा हक्क या प्रदेशाने झगडून मिळवला. त्या पुस्तकाला 'मला पटले नाही' असे म्हणण्याचा हक्क मुलाला देणे, हे त्याच झगड्यातले राहून गेलेले काम आहे. आणि त्यासाठी कोणाच्या पूर्वपरवानगीची आज गरज नाही.