क्लुनीचं चर्च कुठे गेलं?

फ्रान्समधल्या क्लुनी गावी मी गेले ती मध्ययुगातलं युरोपातलं सगळ्यात मोठं चर्च बघायला. गावात पोचले आणि ते शोधतच राहिले. समोर रस्ता, शेजारी घोड्यांच्या पागा, मागे एक अष्टकोनी मनोरा. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी चर्चमध्येच उभी होते. फक्त चर्च तिथे नव्हतं.

क्लुनीचा मठ स्थापन झाला इ.स. ९१० मध्ये. पुढे त्याच्या शाखा युरोपभर पसरल्या. मठाधिपती ह्यू यांनी १०८८ मध्ये तिथलं तिसरं चर्च बांधायला घेतलं. लांबी सुमारे १८७ मीटर, म्हणजे दीड फुटबॉल मैदानाहून जास्त. छत जवळपास ३० मीटर उंच. दगडी छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं. टोकदार कमानीत तो रेटा जरा कमी होतो. म्हणून इथे अर्धगोल कमानींऐवजी टोकदार कमानी घेतल्या. तरी ११२५ मध्ये छताचा काही भाग कोसळलाच. तो पुन्हा बांधला.

पैसा कुठून आला? बराचसा स्पेनमधून. तिथला राजा सहावा अल्फोन्सो मुस्लिम राज्यांकडून सोन्याची खंडणी घ्यायचा आणि त्यातलं सोनं क्लुनीला पाठवायचा. म्हणजे या भव्य चर्चच्या पायात मुस्लिम प्रजेचाही पैसा होता. गावातून फिरताना हे मनातून जात नव्हतं.

चर्च पाडलं कुणी? माझा समज होता, क्रांतीतल्या संतप्त जमावाने. मठाचं नुकसान त्या काळात झालंच. पण खरा घाव नंतरचा, आणि तो शांतपणे घातलेला. १७९८ मध्ये सरकारने इमारत व्यापाऱ्यांना विकली. त्यांनी मधोमध रस्ता काढला आणि दगड विकायला सुरुवात केली. हे १८२३ पर्यंत चाललं. पंचवीस वर्षं! राग इतका टिकत नाही, धंदा टिकतो.

आज उरलाय तो जेमतेम दहावा हिस्सा. १९२८ पासून केनेथ कोनांट या अमेरिकन अभ्यासकाने उत्खनन करून नकाशा पुन्हा जुळवला. आता संगणकावर अख्खं चर्च उभं करता येतं.

मी मात्र फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या एका बाहूत जाऊन वर बघितलं. मान दुखेपर्यंत. हा तर नुसता एक कोपरा होता.