जाहिरात अडवावी, पण कोणी?

मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव ऐन रंगात यावा आणि पडदाभर साबणाची जाहिरात उगवावी. तिची इवलीशी फुली शोधताना बोट नेमके जाहिरातीवरच पडावे. ह्या प्रकाराला वैतागलेला नाही असा माणूस विरळाच. पण वैताग हे जाहिरात अडवण्याचे पुरेसे कारण ठरते का?

वैताग तर जुनाच आहे. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ ह्या नभोवाणी केंद्राने जॅक्सन हाइट्स येथील सदनिका विकणाऱ्या कंपनीला पैसे घेऊन दहा मिनिटे दिली. अमेरिकेचे तत्कालीन वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर ह्यांनी काही महिन्यांपूर्वीच नभोवाणीवरील जाहिरातींविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. पुढे तिथली नभोवाणी जाहिरातींवरच पोसली गेली. आपल्याकडे १९६७च्या नोव्हेंबरात विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. श्रोते सरावले, एवढेच नव्हे तर जाहिरातींच्या चाली गुणगुणूही लागले.

मात्र नभोवाणीवरच्या जाहिरातीला ऐकणारा कोण, हे ठाऊक नसे. अ‍ॅपमधील जाहिरातीचे वेगळेपण इथे आहे. तिच्यामागची यंत्रणा फोनला एक ओळखक्रमांक देते आणि त्याच्या आधारे आपण कोणती अ‍ॅप वापरतो, कुठे फिरतो ह्याचा माग काढू पाहते. माझ्या मते अडवण्याजोगी गोष्ट आहे ती हीच. साबणाची जाहिरात मी सहन करीन. फुकट खेळाची ती किंमत आहे, आणि खेळ लिहिणाऱ्यालाही पोट आहे. परंतु माझ्या दिनक्रमाची नोंदवही ह्या किमतीत धरली आहे, हे मला कोणी सरळ सांगितले नव्हते.

मग अडवायचे कोणी? २०१३च्या मार्चमध्ये गूगलने इतर अ‍ॅपमधील जाहिराती रोखणारी अ‍ॅप आपल्या प्ले स्टोअरमधून काढून टाकली. २००९मध्ये अ‍ॅडमॉब ही मोबाइल जाहिरातींची कंपनी ७५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार करणारे गूगल दुसरे काय करणार? अ‍ॅपलने सप्टेंबर २०१५मध्ये आयओएस ९ आणताना अडवणुकीला मुभा दिली, पण ती सफारी ह्या न्याहाळकापुरती, म्हणजे संकेतस्थळांपुरती. अ‍ॅपमधील जाहिराती सुरक्षित राहिल्या, आणि त्या काळी अशा जाहिरातींची आयअ‍ॅड ही सेवा अ‍ॅपल स्वतःच चालवत होते.

त्याच आठवड्यातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. मार्को आर्मेंट ह्यांचे 'पीस' हे जाहिराती रोखणारे अ‍ॅप विकत मिळणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि दोनच दिवसांत त्यांनी स्वतःहून ते मागे घेतले. सरसकट सगळ्याच जाहिराती रोखल्या की ज्यांना फटका बसू नये त्यांनाही तो बसतो, ह्याची टोचणी त्यांना लागली होती. जाहिराती रोखू नयेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण हाती आलेला हुकमी एक्का टाकून देणारा माणूस ह्या व्यवसायात क्वचितच दिसतो.

माग काढण्याच्या प्रश्नाला थेट हात घातला गेला तो एप्रिल २०२१मध्ये. आयओएस १४.५पासून इतर कंपन्यांच्या अ‍ॅप व संकेतस्थळांवर आपला माग काढण्यापूर्वी अ‍ॅपला परवानगी विचारणे भाग पडले. वापरणाऱ्याच्या हाती नकाराचे बटण आले, हे चांगलेच झाले. पण ते बटण कुठे असावे आणि कोणत्या शब्दांत विचारावे हे ठरवणारे अ‍ॅपल २०१६पासून आपल्या अ‍ॅप स्टोअरमध्ये जाहिराती विकत आले आहे. ३१ मार्च २०२५ रोजी फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने ह्या व्यवस्थेवरून अ‍ॅपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. आक्षेप खाजगीपणा जपण्याच्या हेतूला नव्हता, ते जपण्याच्या रीतीला होता.