महसेयाचे दोन दस्तऐवज

तोबीतच्या पुस्तकात सारेच्या विवाहाचा प्रसंग आहे. रगुएलने कन्येचा हात तोबियाच्या हाती दिला, आशीर्वाद उच्चारला आणि लगेच पत्नी एदना हिला बोलावून लिहिण्याचे साहित्य आणावयास सांगितले. विवाहाचा करार लिहून झाला, त्यावर मोहोर उमटली, आणि मगच मंडळी जेवावयास बसली. प्रवचनांत आम्ही धर्मगुरू त्या नवदांपत्याच्या रात्रीच्या प्रार्थनेवर भर देतो. आईबापांच्या त्या लेखणीकडे मात्र आमचे सहसा लक्ष जात नाही.

‘लग्नाआधी कागद करणे म्हणजे लग्न मोडण्याची तयारी’ असे आपल्या कुटुंबांतून सर्रास बोलले जाते. या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहण्याजोगे आहे.

रगुएलने काय लिहिले ते ग्रंथात दिलेले नाही. परंतु तशाच एका यहुदी पित्याने करून घेतलेले कागद सुदैवाने उपलब्ध आहेत. दक्षिण इजिप्तमध्ये असवानजवळ नाईल नदीत एलिफंटाइन नावाचे बेट आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकात तेथे इराणी साम्राज्याचा किल्ला होता व त्यात यहुदी सैनिकांची वस्ती होती. या वस्तीतील एका घराण्याचे अरामी भाषेतील पपायरस १९०४ च्या सुमारास असवान येथे विकत घेतले गेले आणि सेस व काउली या विद्वानांनी १९०६ साली ते प्रसिद्ध केले.

या घराण्याचा कर्ता महसेया. इ. स. पूर्व ४५९ च्या सुमारास त्याने आपली कन्या मिबताहया हिला घराची जागा लिहून दिली. याच जागेवरून पूर्वी एका खोरेझमी इसमाशी त्याचा वाद झाला होता, व त्या इसमाने हक्क सोडल्याचा लेख महसेयाजवळ होता. तो जुना लेखही त्याने मुलीच्या स्वाधीन केला. उद्या कुणी दावा सांगत आला तर मुलीला बापाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये!

पण आमच्या मते खरे मोल आहे ते दुसऱ्या कागदाचे. तो त्याने जावई यजन्या याला करून दिला. त्याचा आशय असा: या जागेवर बांधकाम कर, पत्नीसह तेथे राहा, मात्र ती विकण्याचा वा दुसऱ्यास देण्याचा अधिकार तुला नाही, तुमच्यानंतर ती तुम्हां दोघांच्या मुलांची. पुढे माझी मुलगी तुला सोडून गेली व तिने जागा मागितली, तर अर्धे घर तिचे; उरलेले अर्धे तुझे, कारण बांधकामाचे कष्ट तुझे आहेत.

सोडून जाण्याची ही भाषा आपल्या वाचकांना खटकेल, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तसभेची शिकवण विवाहाला अविच्छेद्य मानते. १९८३ च्या धर्मविधीसंहितेतील कलम ११०२ नुसार भविष्यातील गोष्टीची अट घालून केलेला विवाह वैध होत नाही. ‘पटले तर राहू’ असे मनाशी धरून वेदीपुढे उभे राहता येत नाही. पण संमतीला घातलेली अट वेगळी आणि घरदाराची लेखी व्यवस्था वेगळी. पहिली विवाहाच्या मुळावर येते, दुसरी येतेच असे नाही. महसेयाच्या कागदात आम्हांस भावते ती एक गोष्ट: मुलीची बाजू घेणाऱ्या बापाने जावयाचा घामही हिशेबात धरला.

वसईतील वाचकांना हा प्रश्न परका नाही. वाडी सासऱ्याच्या नावावर, त्यावरील घर मुलाने आणि सुनेने कर्ज काढून बांधलेले, कर्जाचे हप्ते सुनेच्या पगारातून जाणारे. आणि कागदावर तिचे नाव कुठेच नाही, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. सून विधवा झाली की मग दिरांत नि तिच्यात बोलणे बंद होते, आणि समेटासाठी मंडळी धर्मगुरूच्या घरी येतात.

गोव्यात या बाबतीत कायदाच बोलतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचे कुटुंबविषयक नियम टिकून राहिले. विवाहापूर्वी अधिकृत नोटरीपुढे करार करून वधूवरांना मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते: सर्व सामायिक, सर्व वेगळे, किंवा पूर्वीचे वेगळे आणि पुढचे सामायिक. करारच नसेल तर सारे सामायिक मानून प्रत्येकाचा अर्धा वाटा धरला जातो. लग्नानंतर त्यात फेरबदल होत नाही. म्हणून बोलणे काय ते आधीच व्हावे लागते, आणि त्या वेळी वडीलधारी मंडळी जवळ असतात.

वसई १७३९ सालीच पोर्तुगिजांच्या हातून गेली. ती संहिता आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही. मात्र बक्षीसपत्राची वाट आपल्याला मोकळी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत लागते व त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार महसेयानेही बोलावले होते.