बधिर मूठ

दाढ भरून आलेल्या माणसाचा अर्धा चेहरा काही काळ त्याचा स्वतःचा राहत नाही, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो प्रसंग माझ्यावर आला. दातांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, “मास्तर, गाल जागा होईपर्यंत काही खाऊ नका.” परंतु घरी चकल्यांचा घाणा चालू होता, आणि दुसऱ्या बाजूने खाल्ले तर काय बिघडते, असा सोयीस्कर विचार मी केला. चकली खुसखुशीत झाली होती. थोड्या वेळाने आरशात पाहतो तो ओठाच्या कोपऱ्यात रक्त! चकलीबरोबर मी आपला गालही चावला होता, आणि त्याची वर्दी मला कोणी दिली नव्हती.

वेदनेला आपण जन्मभर शिव्या देतो. पण ती आपली रात्रपाळीची पहारेकरी आहे, हे तिला झोपवल्यावरच कळते. या पहारेकऱ्याला मुद्दाम, पैशासाठी आणि डॉक्टरांच्या हातून झोपवण्याची रीत ज्या धंद्यात पडली, त्या धंद्याची हकीकत आज सांगावयाची आहे. तो धंदा म्हणजे पाश्चात्त्यांचे व्यावसायिक मुष्टियुद्ध.

माणसाच्या एका हातात 27 हाडे असतात, आणि त्यांतील बहुतेक लेखणीहून जाड नसतात. उलट कपाळाचे हाड भलतेच टणक. मूठ वळून कपाळावर मारली, तर मोडण्याची पाळी बहुधा मुठीवरच येते. करंगळीच्या मुळाशी असलेले हाड मोडले, तर डॉक्टर आजही त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. जुन्या काळी इंग्लंड-अमेरिकेत उघड्या मुठींनी लढत, तेव्हा हे प्रत्येक लढवय्याला ठाऊक असे. म्हणून तो डोक्यावर सर्व शक्तीनिशी मारण्यास कचरे आणि पोट व बरगड्या अधिक शोधी. उघड्या मुठींची शेवटची मोठी अजिंक्यपदाची लढत 8 जुलै 1889 रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झाली. ती 75 फेऱ्या, म्हणजे दोन तासांहून अधिक चालली. ही लढाई सौम्य होती असे कोणी म्हणणार नाही. पण तीत एक न लिहिलेला नियम होता. जो फार जोराने मारील, त्याचा स्वतःचा हात दुखेल.

पुढे हातमोजे आले. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी ते आवश्यक केले, आणि 1892 साली सुलिव्हन मोजे घालूनच जेम्स कॉर्बेटकडून हरला. पाहणाऱ्याला मोजा ही दया वाटते. पण तो कोणाचे रक्षण करतो? मारणाऱ्याच्या हाताचे! मऊ गादीत बसलेली मूठ आता डोक्यावर निर्धास्तपणे आदळू लागली. कातडे कमी फाटे, हाड कमी मोडे. आतला मेंदू मात्र प्रत्येक ठोशाबरोबर कवटीत हिंदकळे. 1928 साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने एक निबंध लिहून जुन्या मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल आणि जड जीभ यांकडे वैद्यांचे लक्ष वेधले. मोज्याने पहारेकऱ्याला नुसती डुलकी लावली होती. गाढ झोपवण्याचे औषध निराळ्याच खोलीत तयार होत होते.

1884 साली व्हिएन्नातील कार्ल कोलर याने डोळ्यांत कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. 1905 साली त्याहून निर्धोक असे नोव्होकेन वैद्यांच्या हाती आले. 1943 साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने लिडोकेन तयार केले. झायलोकेन ते हेच. ही औषधे दुखणे बरे करीत नाहीत. मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला निरोप ती वाटेतच अडवतात, एवढेच. तार तोडली म्हणून आग विझत नाही. फक्त बातमी येत नाही.

आता मास्तरकीच्या सवयीने थोडे गणित करतो. 15 फेऱ्यांची लढत, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. लढण्याची 45 आणि विसाव्याची 14, एकूण 59 मिनिटे. लिडोकेनचा अंमल साधारण एक ते दोन तास टिकतो. दाढेसाठी शोधलेले औषध जणू मुष्टियुद्धाच्या मापानेच शिवले होते!

या औषधाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत मुहम्मद अलीची. व्हिएतनामच्या युद्धावर जाण्यास त्याने 1967 साली नकार दिला. त्यापायी अजिंक्यपद गेले आणि ऐन उमेदीची तीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. 1970 साली तो परतला, तेव्हा पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते आणि हात दुखत होते. त्याचे डॉक्टर फर्डी पॅचेको हे मूळचे फ्लोरिडातील टँपाचे. मायामीच्या गरीब वस्तीत ते दवाखाना चालवीत आणि तालमीतल्या मुष्टियोद्ध्यांना पैसे न घेता तपासत. लढतीपूर्वी अलीचे हात आपण सुईने बधिर करीत असू, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

पॅचेकोंना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण मला ते जमत नाही. मुष्टियोद्ध्याचे पोट लढतीवर चालते. हात दुखतो म्हणून लढत रद्द झाली, तर कित्येक महिन्यांची मिळकत बुडते. तयारीचा खर्च अंगावर पडतो आणि घरी चूल वाट पाहत असते. समोर बसलेला रोगी ‘डॉक्टर, एवढा तास निभावून न्या’ म्हणतो, तेव्हा नाही म्हणणारा कितीजण दाखवाल? तरीही एक प्रश्न उरतोच. बधिर केलेली मूठ अलीची. पण ती ज्याच्या डोक्यावर पडणार, त्या माणसाला कोणी विचारले होते? मारणाऱ्याचा हात दुखणे हीच त्या बिचाऱ्याची अखेरची ढाल होती, आणि सुईने तीही काढून घेतली.

नियतीने हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला. 29 सप्टेंबर 1977 रोजी न्यूयॉर्कला अर्नी शेव्हर्स या भयंकर ठोशाच्या माणसाशी अली 15 फेऱ्या लढला. तो जिंकला, पण तपासणीत त्याची मूत्रपिंडे बिघडू लागल्याचे दिसले. पॅचेकोंनी तो अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला पाठवला. कोणाचेही उत्तर आले नाही, आणि ते त्याला सोडून गेले. जो हात दुखण्याची बातमी सुईने अडवीत होता, त्याच डॉक्टराने आणलेली बातमी आता कोणी ऐकेना! अली पुढे आणखी चार वेळा लढला. 1980 साली लॅरी होम्सने त्याला असे झोडपले की दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. 1984 साली त्याला कंपवाताचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, याविषयी डॉक्टरांत एकमत नाही. पण जगातील सर्वांत चपळ हात पुढे तीस वर्षे थरथरताना जगाने पाहिले. 2016 साली तो वारला.

हा प्रश्न मिटलेला नाही. 2 मे 2015 रोजी लास वेगासला मेवेदरशी लढण्यापूर्वी मॅनी पॅकियाओने दुखऱ्या खांद्यासाठी वेदनाशामक सुई मागितली. ही दुखापत आधी तपासणीपत्रात नोंदलेली नव्हती, म्हणून तेथील मंडळाने नकार दिला. लढत मात्र झाली! सुई नाकारणाऱ्यांना दुखरा खांदा रिंगणात धाडताना काही वाटले नाही. म्हणजे अडचण वेदनेची नव्हती, कागदाची होती.

आपण दूरवरच्या या लोकांना नावे ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे. परीक्षेच्या दिवशी ताप गोळीने दाबून आलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. डोळे लाल, हात गरम, आणि दाराशी वडील सांगत असतात, “मास्तर, एवढा पेपर होऊ द्या.” मीही होऊ देत आलो आहे. त्या क्षणी पॅचेको माझ्यापासून फार लांब नसतात.

माझ्या गालाची जखम चार दिवसांत भरली. यंदाही घरी घाणा सुरू आहे. मधूनच एखादी गरम चकली जिभेला चटका देते, आणि मी हात आखडता घेतो.