पोलेंटा, पेलाग्रा आणि आपली इटलीची सुट्टी

इटलीला फिरून आलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, जेवण कसं होतं? उत्तर साधारण ठरलेलं. "अरे, एकदम साधं रे! टोमॅटो, ब्रेड, ऑलिव्ह तेल, वर बेसिलची चार पानं. पण चव म्हणजे...!" यात खोटं काहीच नाही. उन्हाळ्यात झाडावरच पिकलेला टोमॅटो त्याच दिवशी ताटात आला, तर त्याला फार काही करावं लागत नाही.

मग पुढचं वाक्य येतं, "ते लोक पूर्वीपासून असंच खातात." इथे मात्र जरा थांबूया.

टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. १५४८ साली मेदिची घराण्याच्या ड्यूककडे पिसामध्ये टोमॅटोची टोपली पोचल्याची नोंद आहे. पण इटलीतल्या छापील पाककृतीत तो यायला १६९० चं दशक उजाडलं. नेपल्सच्या आन्तोनियो लातिनीच्या पुस्तकात त्याचा सॉस आहे, आणि त्यालाही नाव 'स्पॅनिश पद्धतीचा'! म्हणजे 'पूर्वीपासून' वगैरे काही नाही.

ही झाली गंमत. दुसरी गोष्ट तेवढी गमतीची नाही.

मकाही अमेरिकेतूनच आला आणि उत्तर इटलीत भराभर पसरला, कारण गव्हापेक्षा त्याचं उत्पन्न जास्त. जमीनदाराने गहू विकायचा आणि शेतमजुराने मका खायचा, अशी सोयीची वाटणी झाली. मक्याचं पीठ पाण्यात घोटून केलेला पोलेंटा, तोच सकाळी, तोच रात्री. हिवाळाभर दुसरं काही नाही. अठराव्या शतकात या भागात एक विचित्र रोग दिसू लागला. हातांची, मानेची कातडी उन्हाने काळवंडून सोलायची, मग जुलाब, मग भ्रम, शेवटी मृत्यू. १७७१ साली मिलानच्या फ्रापोली नावाच्या डॉक्टरने 'पेलाग्रा' हे लोकांच्या तोंडचं नाव कागदावर आणलं. अर्थ साधा, खरखरीत कातडी. १८८१ च्या सरकारी मोजणीत असे एक लाखाहून जास्त रुग्ण सापडले. आज आपण व्हेनिसला फोटो काढतो ना, तिथल्याच सान सेर्वोलो बेटावर वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथे पेलाग्राने भ्रमिष्ट झालेले शेतकरी आणून ठेवत.

कारण काय? मक्यातलं नायासिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घ्यायचे, त्यामुळे ते मोकळं व्हायचं. युरोपने दाणे नेले, कृती तिथेच राहिली. (मॅन्युअल न वाचता सिस्टीम उचलून आणायची सवय आपल्या फिल्डमध्येही आहेच!) लोम्ब्रोसोसारखे नामवंत डॉक्टर म्हणत राहिले की दोष सडक्या मक्याचा. मका बदला म्हणणं सोपं होतं, मजुरी वाढवा म्हणणं अवघड.

नायासिनचा उलगडा १९३७ साली झाला. तोवर इटलीत रोग बराच ओसरला होता. औषधाने नाही, ताट बदलल्याने. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक देश सोडून गेले. त्यांनी पाठवलेले पैसे आणि हळूहळू वाढलेली मजुरी यातून पोलेंटाशेजारी थोडं दूध, थोडं चीज, थोडं मांस आलं.

टस्कनीतही तेच. शिळ्या ब्रेडचं आणि घेवड्याचं सूप, रिबोलिता, हे आपल्या फोडणीच्या पोळीचंच भावंडं. तिथला शेतकरी बटईने कसायचा, अर्धं पीक मालकाला. १९६४ च्या कायद्याने बटईचे नवे करार बंद झाले. माणसं शहरात गेली, घरं रिकामी पडली. १९८५ मध्ये शेतावरच्या पर्यटनाचा कायदा झाला आणि तशा कितीतरी घरांत आता पाहुणे उतरतात. तुम्ही-आम्हीच ते!

यात आपणही आलोच. दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळायचा. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर मोलाचं काम केलं. आज हायवेवर 'चुलीवरची भाकरी'ची पाटी दिसली की आपण गाडी वळवतो.

तर मग सुट्टीत ते जेवण खाऊच नये का? तसं मुळीच नाही. खा, मनसोक्त खा. डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने दिल्लीतल्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाला वारशाच्या यादीत घेतलं, त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही. दोन्ही गोष्टींचा आनंदच आहे. पण पोलेंटा तोच, आणि एकाला तो वेड लावून मारतो, दुसऱ्याला सुट्टीची आठवण देतो. फरक पिठात नाही, शेजारी आणखी काय आहे, त्यात आहे. नको असेल तेव्हा दुसरं काही खाता आलं, तरच साध्या जेवणाची चव लागते.

असो. बाकी पोलेंटावर चीज जरा जास्तच घालून घ्या. त्या चीजलाही इतिहास आहे :)