खोकं हेही साधनच: जुन्या रेडिओ-टीव्हीचं वेष्टन ठेवावं का?

आपल्या मंडळाकडे जुन्या वस्तू द्यायला येणाऱ्या घरांकडून एक प्रश्न हमखास येतो. रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा टीव्ही द्यायचं ठरलेलं असतं, रिक्षा खाली उभी असते, आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी माळ्याकडे बोट दाखवतं: "त्याचं खोकंही आहे वर. कबाड्याला देऊन टाकू ना?" मंडळाकडे जागा म्हणाल तर एक खोली. टीव्हीचं खोकं टीव्हीच्या दीडपट जागा खातं. त्यामुळे कार्यकारिणीत याचे सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो वस्तू घ्या, पुठ्ठा नको. दुसरा म्हणतो सगळंच घ्या. मी दुसऱ्या तटात आहे, पण माझी एक अट आहे आणि ती दोन्ही तटांना आवडत नाही: खोकं ठेवायचं, पण वस्तू त्या खोक्यात ठेवायची नाही. का, ते सांगतो.

आधी हे मान्य करू या की वेष्टन जपायची कल्पना आपल्या शहराला नवीन नाही. पुरानी हवेलीतल्या निजाम म्युझियममध्ये गेलात तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या रौप्यमहोत्सवाच्या, म्हणजे १९३७ च्या, भेटवस्तू दिसतात. त्यात मानपत्रं ज्यांतून अर्पण केली ते चांदीचे करंडक आहेत. करंडक म्हणजे शेवटी मानपत्राचं वेष्टनच. लोक काचेला नाक लावून करंडक बघतात. आतल्या मानपत्रात काय लिहिलं होतं ते मी तरी कुणाला विचारताना पाहिलेलं नाही. चांदीचं वेष्टन ठेवायचं आणि पुठ्ठ्याचं टाकायचं, हा निर्णय इतिहासाचा नाही, सराफाचा आहे.

बाजारातही खोक्याला भाव आहेच. २००७ सालचा पहिला आयफोन, न उघडलेल्या खोक्यातला, जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत लिलावात १ लाख ९० हजार डॉलरांवर गेला. पण तसलं खोकं मला स्वतःला फारसं खुणावत नाही. जी वस्तू कुणी वापरलीच नाही, तिच्याकडे कारखान्यापलीकडे सांगण्यासारखं काय असणार? आपल्याला हवं आहे ते फाटकं, डाग पडलेलं, दुकानाचा शिक्का आणि कुणाच्या तरी हातची अक्षरं असलेलं खोकं.

कारण वस्तूवर जे लिहिलेलं नसतं ते खोक्यावर असतं. पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात सहा आकडी पिन छापलेला असेल तर खोकं त्यानंतरचं. "हैदराबाद, ए. पी." असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं, कारण त्याआधी आंध्र प्रदेशच नव्हता. "हैदराबाद डेक्कन" असेल तर मात्र घाई करू नका. संस्थानी काळातला पत्ता तसा लिहायचे हे खरं, पण नामपल्ली स्टेशनचं नाव आजही हैदराबाद डेक्कन आहे, आणि रेल्वेने आलेल्या मालावर ते कधीही पडू शकतं. किंमत बघा. बंद वेष्टनातून विकायच्या मालासंबंधीचे नियम १९७७ साली आले आणि उत्पादकाचं नाव, पॅक केल्याचा महिना-वर्ष, किंमत हे छापणं भाग झालं. किमतीपुढे "स्थानिक कर वेगळे" असं असेल तर ते खोकं बहुधा १९९० च्या आधीचं. सर्व करांसह कमाल किंमत छापायची पद्धत १९९० च्या दुरुस्तीनंतरची. दुकानदाराच्या शिक्क्यातला फोन नंबर पाच आकडी आहे की सहा की सात, एवढं मोजलं तरी काळाचा अंदाज येतो. हे सगळं वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. चष्मा पुरतो.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

शहरातल्या एका मराठी घराने आम्हाला फिलिप्सचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ दिला. सोबत कथा होती. १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी निजामांनी डेक्कन रेडिओवरून जे भाषण केलं, शरणागती जाहीर केली, ते या घराने याच रेडिओवर ऐकलं. दारं लावून, आवाज बारीक करून. घरातल्या आत्याबाई त्या वेळी लहान होत्या. वाड्यात कोण कुठे बसलं होतं, कुणी रडलं, सगळं त्या सांगतात. मराठवाड्यातल्या आणि इथल्या मराठी माणसाला १७ सप्टेंबर म्हणजे काय हे सांगायला नको. मंडळाने ठरवलं की मुक्तिदिनाच्या प्रदर्शनात हा रेडिओ मधोमध ठेवायचा.

रेडिओ उघडला तेव्हा मला शंका आली. मागचं भोकांचं पॅनेल गहाळ होतं, म्हणजे नंबराची पट्टी नाही. आत नऊ पिनांचे छोटे व्हॉल्व्ह, आणि त्यात एक ईसीएच ८१. हा व्हॉल्व्ह पन्नाशीच्या दशकातला. पण नुसत्या व्हॉल्व्हवर भिस्त ठेवता येत नाही. छत्ता बाजारातल्या जुन्या कारागिरांनी सॉकेट बदलून, तारा फिरवून जुन्या सेटमध्ये नवे व्हॉल्व्ह बसवलेले मी स्वतः पाहिलेत. कॅबिनेट एकाचं आणि चॅसी दुसऱ्याची, हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

मग खोक्याची चौकशी केली. खोकं होतं! माळ्यावर, रजयांनी भरलेलं. त्यावर कारखान्याचा पत्ता पुण्याचा. फिलिप्सचा पहिला भारतीय रेडिओ कारखाना कलकत्त्याला. पुण्याजवळचा दुसरा १९५९ साली निघाला. खोक्याच्या झडपेवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर होता, आणि तोच नंबर चॅसीवर ठोकलेला. म्हणजे खोकं याच सेटचं. तळाशी एका पाकिटात रेडिओच्या लायसनचं पोस्टाचं पुस्तक. त्यातली पहिली नोंद १९६१ ची. (हल्लीच्या मुलांना हे सांगून पटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायला पोस्टात दरवर्षी पैसे भरून लायसन घ्यावं लागायचं. हे १९८० च्या दशकात संपलं.)

निष्कर्ष सरळ होता. हा रेडिओ या घरात निजामांच्या भाषणानंतर किमान अकरा वर्षांनी आला.

घरच्यांना ते आवडलं नाही, आणि आवडावं तरी का? एक जण म्हणाला, "मग ते खोकंच कशाला पाहिजे होतं खाली उतरवायला?" आमच्यातल्याही एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं पडलं की खोकं परत करावं, रेडिओ ठेवावा आणि आत्याबाईंच्या हयातीत हा विषय काढू नये. त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते पटलं नाही. खोकं टाकणं म्हणजे इथे जागा वाचवणं नव्हतं, पुरावा टाकणं होतं. उद्या कुणी संशोधक आला आणि त्याने ईसीएच ८१ पाहिला, तर तो रेडिओबरोबर आत्याबाईंचं सगळं सांगणंही खोटं ठरवेल. आणि तो खरा अन्याय होईल. भाषण झालं होतं, लोकांनी ते दारं लावून ऐकलं होतं. आत्याबाईंना पुन्हा विचारलं, या वेळी रेडिओ समोर न ठेवता. तेव्हा त्या सांगू लागल्या की ऐकायला शेजारच्या बिऱ्हाडात गेलो होतो, आपल्याकडे तेव्हा रेडिओ होता की नव्हता ते आठवत नाही. आठवण खरी होती. पुढे पन्नास वर्षं जो रेडिओ डोळ्यांसमोर राहिला त्याला ती जाऊन चिकटली, एवढंच. प्रदर्शनात आम्ही रेडिओ बाजूला ठेवला, "१९६०च्या दशकातलं एक मराठी घर" या भागात, आणि आत्याबाईंची आठवण त्यांच्याच शब्दांत मधोमध लावली. खोकंही ठेवलं, पेन्सिलीचा नंबर दिसेल असं. घरचे आले होते. फार बोलले नाहीत, पण आत्याबाईंनी लायसनच्या पुस्तकावरची वडिलांची सही ओळखली.

अशी खोकी मिळतात किती, तर फारच कमी. आपल्याकडे खोकं कधी "वेष्टन" म्हणून राहतच नाही. त्यात रजया जातात, जुनी वह्या-पुस्तकं जातात, दिवाळीच्या पणत्या जातात. थर्माकोलचे सुटे तुकडे तर गणपतीच्या मखरासाठी आधीच राखून ठेवलेले. फ्रिजच्या लाकडी पेटीच्या फळ्यांची मांडणी होते. मला यात वाईट काही दिसत नाही. खोक्याचं हे दुसरं आयुष्यही नोंदवण्यासारखंच आहे. आणि एखादं खोकं टिकलंच तर ते माळ्यावर. माळ्याला तेलुगूत "अटक" म्हणतात. आपल्या मराठी कानांना ते बरोबरच वाटतं: एकदा आत गेलेलं खोकं जामीन मिळेपर्यंत बाहेर येत नाही.

आता माझ्या अटीकडे येतो. खोकं वस्तूला सांभाळतं, हा समज प्रवासापुरता खरा आहे, मुक्कामाला नाही. कारखान्यातला पॅकिंगवाला हिशेब करतो तो ट्रकचे हादरे आणि हमालाच्या हातून होणारी आपटाआपटी यांचा, काही आठवड्यांचा. चाळीस वर्षांचा हिशेब त्याने केलेलाच नसतो. सगळ्यात वाईट शत्रू दिसायला सगळ्यात साधा: वायर. पीव्हीसीची वायर मऊ राहावी म्हणून तिच्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि थर्माकोलला विरघळवतं. वायर थर्माकोलमध्ये रुतून बसते. हीच वायर पॉलिस्टायरीनच्या कॅबिनेटला टेकली असेल तर कॅबिनेटवर कायमची खाच पडते. टेपरेकॉर्डरच्या खोक्यातला फोम काही वर्षांनी चिकट होऊन भुगा होतो आणि तो भुगा यंत्रात शिरतो. सेल आत राहिले असतील तर ते पाझरतात. पुठ्ठा आपल्या पावसाळ्यात ओल धरतो. ओल आली की कसर येते, वाळवी येते. आणि कृपा करून डांबराच्या गोळ्या टाकू नका: त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात.

म्हणून आम्ही वस्तू बाहेर काढतो. वायर गुंडाळून कापडात, सेटला न टेकता. थर्माकोलचे फोटो आणि मापं घेऊन बहुतेक वेळा ते सोडून देतो. एखादाच नमुना ठेवतो. खोक्याची मात्र फक्त तळाची आणि वरची झडप उघडून ते चपटं करतो, कारखान्यात चिकटवलेला किंवा पिना मारलेला सांधा न तोडता. असं केलं की टीव्हीचं खोकंही कपाटामागे बोटभर जागेत मावतं. गंजलेल्या सुट्या पिना काढायच्या, जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं. जागेचं भांडण तिथेच मिटतं. मिटायला हवं, असं म्हणतो. आमचे एक सभासद अजून कुरकुरतात.

मला सगळ्यात जास्त हुरहूर आहे ती ईसी टीव्हीच्या खोक्यांची. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, आपली ईसीआयएल, ११ एप्रिल १९६७ ला इथे सुरू झाली. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातून ती उभी राहिली आणि ए. एस. राव यांनी ती घडवली, ए. एस. राव नगर त्यांच्याच नावाचं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला, त्यासाठीचे सेट ईसीआयएलचे. ते आंध्रातल्या खेड्यांत गेले, पलीकडे गुलबर्गा-रायचूरकडेही गेले. पिक्चर ट्यूब म्हणजे आतून हवा काढलेलं, पुढून जड असं काचेचं भांडं. असा सेट धुळीच्या कच्च्या रस्त्यांवरून गावापर्यंत धड पोचवायचा, हे सेट बनवण्याइतकंच अवघड काम. ते ज्याने केलं त्या पेटीचा एकही पूर्ण नमुना आमच्याकडे नाही.

घरगुती ईसी टीव्हीच्या खोक्याची एक बाजू तेवढी मिळाली आहे, काचीगुड्याच्या एका घरातून. गादीखाली अंथरलेली होती. एका अंगाला कंपनीचं नाव आणि छत्रीचं चिन्ह, दुसऱ्या अंगाला निळ्या शाईत फराळाच्या सामानाची यादी: बेसन, तूप, वेलदोडे, आणि त्यापुढे भाव. वर्ष घातलेलं नाही. भावांवरून ते काढता येईल असं वाटतंय.

काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार इथली जुनी घरं पाडून अपार्टमेंट होताहेत. घर रिकामं करताना अटकेवर एकदा बॅटरी मारून बघा. खोकं द्यायचं नसेल तर देऊ नका, पण कबाड्याला घालण्याआधी सहाही बाजूंचे आणि झडपांच्या आतल्या अंगाचे फोटो काढून मंडळाला पाठवा. शेजारी एक फूटपट्टी ठेवा, म्हणजे आम्हाला मापं घेता येतील.